चार दहाची बस

सुरतेत राहून मी गेली तेवीस वर्षं लोकांना इटलीला पाठवते आहे. स्वतः एकदाच गेले, तेही ग्रुप सांभाळायला. एका बसमध्ये बेचाळीस माणसं आणि त्यांच्या खाखऱ्यांचे डबे. त्या आठ दिवसांत मी इटली पाहिली असं म्हणणं धाडसाचं होईल. मी दर थांब्यावर माणसं मोजली, आणि स्वच्छतागृह कुठे आहे ते बेचाळीस वेळा सांगितलं.

माझे वडील खानदेशातून सुरतेला आले आणि पांडेसऱ्याच्या रंगाई कारखान्यात लागले. मी वाढले नवागामात. कॉमर्सची पदवी घेऊन एका ट्रॅव्हल ऑफिसात टायपिंगला चिकटले आणि तिथेच रुजले. आमचे मालक जयेशभाई माणूस दिलदार, पण संगणकाशी त्यांचं वैर. तेव्हा परदेशाचं टेबल हळूहळू माझं झालं. लोक मला वैशालीबेन म्हणतात.

बाहेरच्यांना वाटतं आमचं काम तिकिटं काढण्याचं. तिकिटं आता कोणीही मोबाईलवर काढतो. आमचं काम जोडणीचं. गाडी दहा वाजता पोचणार, पुढची दहा पंचवीसला सुटणार, मध्ये जिना आहे की नाही, आजोबांचे गुडघे कसे आहेत, सुनेच्या बॅगा किती, हे सगळं इथे खुर्चीत बसून आधीच चालून बघायचं. प्रवास नीट झाला तर कोणाला आमची आठवण होत नाही, आणि आठवण झाली तर समजायचं काहीतरी बिनसलं.

इटली फिरायचे तीन रस्ते. पहिला ग्रुपची बस. तिच्यात डोकं चालवावं लागत नाही, पण गाइडची छत्री दिसेल तिकडे पळावं लागतं. दुसरा रेल्वे. मी तिच्या बाजूची. मोठ्या शहरांमधल्या जलद गाड्यांना ठरलेली जागा असते, तिकीट फोनवर असलं की काम झालं. लोकल गाडीचं कागदी तिकीट मात्र चढण्याआधी फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्यावं लागतं. नाही मारला तर खिशात तिकीट असूनही तुम्ही विनातिकीट. त्या तिकिटाच्या पाकिटावर मी लाल टिकली चिकटवते. बायका ती कधीच विसरत नाहीत.

तिसरा रस्ता भाड्याच्या गाडीचा. रिंगरोडचे एक साडीवाले शेठ त्यासाठी हटून बसले होते. सुरतेच्या बाजारात एका हाताने गाडी चालवणारा माणूस, त्याला मी काय शिकवणार. तिकडच्या जुन्या शहरांच्या आत बाहेरच्या गाड्यांना बंदी असते. पोलीस दिसत नाही, खांबावर कॅमेरा असतो. शेठ फ्लॉरेन्समध्ये हॉटेल शोधत त्याच गल्लीला तीन फेऱ्या मारून आले. कित्येक महिन्यांनी ते तीन जाड लिफाफे घेऊन ऑफिसात आले आणि म्हणाले, "बेन, वाचून दाखवा, बहुतेक हॉटेलवाल्यांनी आभाराचं पत्र पाठवलंय." तिन्ही दंडाच्या नोटिसा होत्या. त्यानंतर गाडीचं नाव काढणाऱ्याला मी आधी चहा पाजते आणि मग शेठची गोष्ट सांगते.

पण आज मला सांगायचंय ते भास्करआप्पांबद्दल. आणि थोडं माझ्या चुकीबद्दल.

आप्पा आले ते मुलीबरोबर. मुलगी कविता, शाळेत गणित शिकवणारी, बोलण्यात नेमकी. आई-वडिलांना एकदा परदेश दाखवायचा असं तिनं ठरवलं होतं. आप्पा सुरतेतल्याच उधन्याचे, लूम फिटर म्हणून निवृत्त झालेले, सदुसष्ट वर्षांचे. इस्त्रीचा पांढरा शर्ट, वरच्या खिशात पेन आणि बारीक स्क्रू ड्रायव्हर. त्यांच्या पत्नी सिंधूवहिनी मागे खुर्चीच्या टोकाला बसल्या होत्या. आम्ही हाकललं तर पटकन उठता यावं अशा.

मी नेहमीसारखा नकाशा पसरला. "मिलान, व्हेनिस, फ्लॉरेन्स, रोम. नऊ दिवस, सगळं रेल्वेनं."

आप्पांनी खिशातून एक कागद काढला. त्यावर इंग्रजी अक्षरांत एका गावाचं नाव लिहिलेलं होतं, मापून काढल्यासारखं. "हे यात बसंल का?"

नाव मी कधी ऐकलं नव्हतं. संगणकावर शोधलं तर मिलानच्या पुढे बेर्गामो म्हणून शहर आहे, त्याच्याही वर डोंगराच्या दरीत हे गाव. तिथे रेल्वे जात नाही. बघण्यासारखं काही नाही, म्हणजे आमच्या धंद्यात ज्याला बघण्यासारखं म्हणतात तसं.

"इथे काय आहे आप्पा?"

"मशीन तिथली शे," ते म्हणाले आणि एकदम थांबले. तोंडून घरची अहिराणी निसटली म्हणून शरमल्यासारखे.

"मंग सांगा ना मोकळं," मी म्हटलं. "मी बी तठलीच शे, धुळ्याकडली."

माणूस खुलला. ते ज्या कारखान्यात होते तिथे मालकानं इटलीतून वापरलेले माग आणले होते. आपल्या जुन्या मागात आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडे पळतो. या मागात धोटा नाही, दोन चिमटे असतात. एक आडवा धागा अर्ध्या वाटेपर्यंत आणतो, दुसरा तो त्याच्याकडून घेऊन पलीकडे नेतो. मिनिटाला शेकडो वेळा. मशिनी आल्या, पण सोबत शिकवणारा कोणी आला नाही. मशीनच्या पडद्यावर सगळं इटालियनमध्ये. धागा तुटला की एक शब्द यायचा, बीम म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ संपला की दुसरा. आप्पांनी वहीत शब्द उतरवले, पुढे बिघाड लिहिला. अशी भाषा शिकले. उच्चार काय ते देवाला ठाऊक, कारण ऐकवणारं कोणीच नव्हतं.

"मशीनला पितळी पट्टी होती. तिच्यावर हे गाव," ते म्हणाले. "एवढी वर्षं तिनं घर चालवलं. पोरीला शिकवलं. तिचं गाव एकदा दखानं शे."

कविता म्हणाली, "मी त्यांना सांगितलं, व्हेनिस बघा, लोक त्यासाठी जातात. पण यांचं हेच. मग गाडी तरी भाड्यानं करून द्या, ड्रायव्हरसकट."

"बस असंल ना?" आप्पा म्हणाले. "तिथले कामगार कशानं जायचे?"

बस होती. मी दोन दिवस संगणकावर त्या दरीतच बसले म्हणायला हरकत नाही. कारखान्याची चौकशी केली तर कळलं, तो केव्हाच बंद पडला. हे मी आप्पांना लगेच सांगितलं. त्यांनी जरा विचार केला. "गेट तर असंल," म्हणाले.

कार्यक्रम असा ठरला. शनिवारी मिलानला उतरून बेर्गामोला मुक्काम. रविवारी सकाळी बसनं दरीत, तासाभराचा रस्ता. गेट बघायचं, जेवायचं, चार दहाच्या बसनं परत. सोमवारी सकाळी व्हेनिसची गाडी, जागा राखीव. बसचं वेळापत्रक मी छापून घेतलं, चार दहाच्या भोवती लाल गोल केला. फार समाधान वाटलं होतं मला त्या कागदाचं. असा कार्यक्रम अख्ख्या सुरतेत कोणी बांधला नसेल असंही मनात आलं.

रविवारी रात्रीच्या जेवणासाठी मी भाकऱ्या थापत होते. सव्वाआठला फोन वाजला. तिकडे पावणेपाच.

"ताई, बस काही आली नाही," आप्पा म्हणाले. आवाज शांत होता, त्यामुळे मला जास्त धडकी भरली.

"उशीर झाला असेल. कधीपासून उभे आहात?"

"गेट बघून झालं, अडीचपासून बसलोय. तुम्हीच म्हणाला होता, वेळेआधी या."

पिठाच्या हातानंच मी लॅपटॉप उघडला. चार दहा. रकान्याच्या डोक्यावर बारीक अक्षरांत शब्द होता: फेरिआले. इटालियनमध्ये 'फेरिए' म्हणजे सुट्ट्या हे मला माहीत होतं. म्हणून फेरिआले म्हणजे सुट्टीच्या दिवशीची बस असं मी धरून चालले होते. शेजारच्या रकान्यावर 'फेस्तिवो' होतं, ते मला सणावाराचं वाटलं. आता पहिल्यांदा मी तो शब्द शब्दकोशात टाकून पाहिला. फेरिआले म्हणजे कामाच्या दिवशीची. रविवार आणि सण हे दोन्ही फेस्तिवोत. सकाळची वर जाणारी बस दोन्ही रकान्यांत होती, ती मिळाली; रविवारची शेवटची बस मात्र दुपारी एकलाच खाली उतरली होती.

इतक्या वर्षांत मी मोठ्या गाड्यांची वेळापत्रकं वाचली, डोंगरातली बस कधी वाचली नव्हती. शब्द तपासायला अर्धं मिनिट लागलं असतं. मला येतंय असं वाटलं म्हणून तपासला नाही. धंद्यातल्या बहुतेक चुका अशाच होतात, न येणाऱ्या गोष्टींत नाही, येणाऱ्या गोष्टींत.

"आप्पा, तिथेच बसा. मी काहीतरी करते," मी म्हटलं.

दरीतल्या टॅक्सीवाल्याचा नंबर मिळाला, तो उचलेना. बेर्गामोच्या हॉटेलात फोन केला. तिथली मुलगी इंग्रजीत म्हणाली, रविवारी इतक्या वर जायला कोणी तयार होईल असं वाटत नाही, तरी विचारते. दोन म्हातारी माणसं, एक शब्द इंग्रजी नाही, गावात मुक्कामाची सोय नाही, आणि सकाळी व्हेनिसची गाडी. मी परत आप्पांना लावला तर उचलला नाही. पुन्हा लावला. नुसती रिंग.

तेवढ्यात जयेशभाईंचा फोन. कवितानं वडिलांशी बोलून ऑफिसच्या नंबरवर त्यांना धरलं होतं. "वैशालीबेन, गभराशो नहीं," ते म्हणाले. "में कही दीधुं, हडताळ छे. इटली में तो होती रहती है." संप आहे असं त्यांनी तिला सांगून टाकलं होतं.

"हडताळ नाही जयेशभाई. माझी चूक आहे."

"चूक नंतर बघू. आत्ता तिला शांत ठेवायचं."

लगेच कविताचाच फोन आला. "मॅडम, संप आहे म्हणे?"

मी हो म्हटलं. "तिकडे होतं असं कधी कधी," असंही म्हटलं. ते वाक्य बोलताना माझा आवाज इतका सहज निघाला की माझंच मला नवल वाटलं. भाकरी तव्यावर जळून गेली होती.

सव्वानऊच्या सुमाराला आप्पांचा व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर आधी छत दिसलं, मग एक अनोळखी म्हातारा, लाल गालांचा, टोपी घातलेला. मागे टेबलावर पत्ते पसरलेले. मग आप्पा दिसले. हसत होते.

झालं होतं असं. स्टॉपसमोरचं छोटं हॉटेल पाच वाजता उघडलं. तिकडे त्याला बार म्हणतात, पण म्हातारे तिथे कॉफी पितात आणि पत्ते खेळतात. हे टोपीवाले बात्तिस्ता तिथे आले. बाकावर बसलेली साडीतली बाई आणि पांढऱ्या शर्टातला माणूस पाहून ते काहीतरी विचारायला लागले. आप्पांना कळेना. शेवटी आप्पांनी फोनमधला फोटो काढून दाखवला, मशीनच्या पितळी पट्टीचा.

बात्तिस्तांनी फोटो पाहिला, चष्मा लावून पुन्हा पाहिला, आणि आप्पांचा दंड धरून त्यांना आत नेलं. ते त्याच कारखान्यात मशिनी जोडणारे. पत्ते खेळणारे तिघे तिथलेच.

"ताई, तुम्ही जरा बोला यांच्याशी," आप्पा मला म्हणाले. "तुम्हाला येतं ना."

मला इटालियनमध्ये फलाट, उशीर आणि बाहेरचा रस्ता एवढंच येत होतं. मी नमस्कार केला, तेवढाच. आप्पांचं माझ्यावाचून काही अडलं नव्हतं. ते फोटोवर बोट ठेवत. "सुब्बिओ," म्हणजे बीम. "पेत्तिने," म्हणजे फणी. "त्रामा," आडवा धागा. उच्चार चुकला की चौघं मिळून दुरुस्त करत आणि आप्पा तो पुन्हा म्हणत. त्या वहीतले शब्द त्यांच्या कानांवर पहिल्यांदाच पडत होते.

मग बात्तिस्ता घरी जाऊन काहीतरी घेऊन आले. मागाच्या चिमट्याचं डोकं होतं, लोखंडी, बोटभर. घरी कागद उडू नयेत म्हणून ठेवलेलं. आप्पांनी ते हातात घेतलं, फिरवलं, आणि आतल्या कडेवर नख ठेवलं. "इथं झिजतं," ते मराठीत म्हणाले. "पावसाळ्यात धागा सुटतो. मी इथं पत्र्याचा तुकडा बसवायचो." आणि खुणेनं दाखवलं, किती जाड, कोणत्या कोनात.

बात्तिस्तांचं हसू थांबलं. त्यांनी कोपऱ्यातल्या एका बारीक म्हाताऱ्याला हाक मारली. तो आला, त्यानं ते डोकं उजेडात धरलं, आप्पांच्या नखाची जागा बघितली आणि मान हलवली. होकाराची. तो माणूस कारखान्यात मशिनींचे आराखडे काढायचा, हे मला नंतर कळलं. त्यानं पेपर नॅपकिनवर काहीतरी आखलं, आप्पांनी खिशातलं पेन काढून त्यात दुरुस्ती केली. दोघं बराच वेळ त्या नॅपकिनवर वाकून होते.

"वहिनी कुठायत?" मी विचारलं.

फोन वळला. सिंधूवहिनी एका बाईशेजारी बसून बशीतलं काही खात होत्या. "मक्याचं पीठ शिजवलंय," त्या म्हणाल्या. "आपल्या घाट्यासारखं. मीठ बेताचं आहे. मी त्यांना चिवडा दिला."

ती बाई बात्तिस्तांची मुलगी. तिनंच दोघांना गाडीतून बेर्गामोला आणून सोडलं. सोमवारी आप्पा आणि वहिनी ठरलेल्या गाडीनं व्हेनिसला गेले, पुढचं सगळं वेळच्या वेळी झालं. लाल टिकलीचं तिकीटही वहिनींनी शिक्का मारूनच वापरलं.

मी मात्र पुढचे सात दिवस अस्वस्थ होते. गोड शेवट झाला म्हणून चूक पुसली जात नाही. बात्तिस्ता त्या दिवशी पत्ते खेळायला आले नसते तर? आणि त्याहून जास्त टोचत होतं ते कविताला म्हटलेलं वाक्य. जयेशभाई म्हणाले, "आता कशाला उकरता? पार्टी खुश आहे." त्यांचं म्हणणंही अगदीच चुकीचं नव्हतं. धंद्यात तेच करतात. मी स्वतःही आधी केलंय, लहानसहान बाबतीत, हे इथे कबूल करते.

आप्पा आणि वहिनी परतल्यावर कवितासकट तिघं ऑफिसात आली. आप्पांनी माझ्यासाठी काचेचे मणी आणले होते, वहिनींनी जयेशभाईंसाठी चॉकलेट. फोटो बघून झाले. मग मी म्हटलं, "कविताताई, एक सांगायचंय. त्या दिवशी संप नव्हता. रविवारी ती बस नसतेच. मी वेळापत्रक चुकीचं वाचलं आणि तुमच्याशी खोटं बोलले."

जयेशभाई एकाएकी संगणकात फार गढून गेले.

कवितानं फोटोंचा फोन टेबलावर पालथा ठेवला. मग म्हणाली, "माझे आई-वडील परक्या देशात रस्त्यावर बसले होते, आणि मी इथे संप कधी मिटेल ते इंटरनेटवर शोधत होते."

"हो," मी म्हटलं.

"जाऊ दे," आप्पा म्हणाले. "मला तेव्हाच माहीत होतं. संप असता तर सकाळची बस कशी आली असती?"

कविता वडिलांकडे वळली. "मग मला का नाही सांगितलं?"

"तू यांच्याशी भांडली असतीस. अजून व्हेनिस बाकी होतं." मग माझ्याकडे बघून त्यांनी सावकाश म्हटलं, "ताई, मशीन बिघडली की कारागीर म्हणतो, लाइट कमी-जास्त झाली. मी कधी भांडलो नाही. पण जो म्हणायचा, माझ्या हातून झालं, त्याला मी पुढच्या वेळी नवी मशीन द्यायचो."

कविताचा राग पुरता गेला नाही. जाणार तरी कसा. पण उठताना तिनं ते छापील वेळापत्रक मागून घेतलं आणि दोन्ही शब्द मला वाचायला लावले. गणिताची बाई. मी वाचले.

आता वहिनींचं राहिलं. इतका वेळ त्या नेहमीसारख्या मागे होत्या. निघायच्या वेळी माझ्याजवळ येऊन बसल्या, या खेपेला पूर्ण खुर्चीभर.

"तुम्ही त्या बसचं मनाला लावून घेऊ नका," म्हणाल्या. "फिटरच्या घरी रविवार नसतो, माहीत आहे का तुम्हाला? सगळे माग बंद असतात तेव्हाच दुरुस्ती. बेचाळीस वर्षांत रविवारी दुपारी आम्ही दोघं एका जागी बसलो नव्हतो. त्या बाकावर दोन तास बसलो. काही सुचेना, तर मी विचारलं, तुमची ती मशीन नेमकं करते काय? एवढी वर्षं डबा दिला, कधी विचारलंच नव्हतं."

"मग?"

"मग त्यांनी सांगितलं."

त्यांनी पदर मांडीवर पसरला आणि मला समजावायला लागल्या. हा उभा धागा, हा ताणा, बीमवरून येतो. त्यातला अर्धा वर जातो, अर्धा खाली, मध्ये वाट होते. एक चिमटा इकडून बाणा, म्हणजे आडवा धागा, घेऊन येतो, दुसरा तिकडून, मधोमध भेटतात, हा त्याच्या हातात देतो, आणि फणी पुढे येऊन धागा ठोकते. बोटांनी सगळं दाखवत होत्या. कविता दारात थांबून ऐकत होती. आप्पा समोर उभे, थोडे वाकून, कुठे चुकतेय का ते बघत. फिटरची सवय.

त्यांना चूक काढता आली नाही.